विश्लेषण : पदवीला गुण कमी, केटीही लागल्या… मग आयआयएमचा दरवाजा बंद होतो का?

दहावी-बारावीला उत्तम गुण, अभियांत्रिकीला मात्र साडेसहाचा पॉइंटर आणि दोन-तीन केटी. असे गुणपत्रक हाती असलेले हजारो तरुण दरवर्षी कॅटचा अर्ज भरताना एकाच प्रश्नापाशी अडतात. परीक्षेत कितीही चांगला स्कोअर केला तरी जुने गुण आडवे येणार का? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण प्रत्येक संस्था जुने गुण वेगळ्या पद्धतीने मोजते. ते कुठे मोजले जातात, किती वेळा मोजले जातात आणि कुठे फक्त विचारले जातात, याचा आढावा.

किमान पात्रता किती?

कॅट देण्यासाठी पदवीला किमान ५० टक्के गुण किंवा त्याच्याशी समकक्ष सीजीपीए लागतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४५ टक्क्यांची आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थीही अर्ज करू शकतात; मात्र प्रवेशापर्यंत पदवी आणि किमान टक्केवारी पूर्ण करावी लागते. सीए, सीएस किंवा सीएमए पूर्ण केलेल्यांना त्या व्यावसायिक पात्रतेच्या आधारेही अर्ज करता येतो.

म्हणजेच ५५ किंवा ६० टक्के मिळवणारा विद्यार्थी परीक्षेला बसण्यास पूर्ण पात्र असतो. केटी लागली होती म्हणून अर्ज बाद होत नाही. विषय सुटलेला असणे आणि पदवी पूर्ण होणे महत्त्वाचे. अडचण सुरू होते ती त्यानंतर, मुलाखतीसाठीची निवडयादी तयार होताना.

पॉइंटरचे टक्के कसे होतात?

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. दहापैकी ७ सीजीपीए म्हणजे किती टक्के, याचे देशभर लागू होणारे एकच सूत्र नाही. सीबीएसईच्या जुन्या दहावीच्या पद्धतीप्रमाणे ९.५ ने गुणले तर ६६.५ टक्के येतात. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के धरले जातात. त्या हिशेबाने ७ चे ६२.५ टक्के होतात. सरळ १० ने गुणले तर ७० टक्के. विद्यार्थी तोच, गुणपत्रक तेच, फरक साडेसात टक्क्यांचा.

कॅटचा नियम याबाबत स्पष्ट आहे. उमेदवाराच्या विद्यापीठाने प्रमाणित केलेली पद्धत असेल तर तीच वापरायची. विद्यापीठाकडे अशी पद्धतच नसेल तर मिळालेला सीजीपीए भागिले कमाल सीजीपीए, गुणिले १०० असा हिशेब करायचा. सर्व सत्रांचे गुण धरायचे की शेवटच्या काही सत्रांचे, हेही विद्यापीठाच्या प्रथेवर अवलंबून असते.

त्यामुळे इंटरनेटवर सापडलेले सोयीचे सूत्र अर्जात वापरणे महागात पडू शकते. मुलाखतीच्या आणि प्रवेशाच्या वेळी मूळ गुणपत्रके तपासली जातात. चुकीची माहिती आढळल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाकडून रूपांतराचे अधिकृत पत्र घेऊन ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

आयआयएममध्ये जुने गुण नेमके कुठे मोजले जातात?

कॅट ही सर्व आयआयएमची सामायिक परीक्षा असली तरी निवडीचे निकष सामायिक नाहीत. प्रत्येक संस्था स्वतःचे निकष ठरवते आणि ते दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. त्यात बदलही होतात.

अहमदाबादचे उदाहरण घेऊ. अलीकडच्या वर्षांत तिथे मुलाखतीची निवडयादी ठरवताना कॅटच्या स्कोअरला ६५ टक्के आणि ‘अर्ज गुणांकना’ला ३५ टक्के वजन देण्यात आले. या गुणांकनात दहावी, बारावी, पदवी आणि कामाचा अनुभव धरला जातो. गुण टप्प्यांत दिले जातात. दहावीला ९० टक्क्यांहून अधिक असतील तर १० पैकी १०, ८० च्या वर ते ९० पर्यंत असतील तर ८, ७० च्या वर ते ८० पर्यंत असतील तर ५. म्हणजे दहावीला ८१ टक्के मिळवणारा आणि ९० टक्के मिळवणारा एकाच पायरीवर उभा राहतो. पण ९० आणि ९०.२ टक्क्यांत दोन गुणांचा फरक पडतो. पदवीचे गुणही असेच टप्प्यांत मोजले जातात, मात्र शाखेनुसार टप्पे वेगळे असतात.

बेंगळूरुची पद्धत वेगळी आहे. तिथे उमेदवाराचे बोर्डाचे गुण जसेच्या तसे घेतले जात नाहीत. त्या बोर्डातील अर्जदारांमध्ये ९०व्या पर्सेंटाइलला जे गुण असतील, त्यांनी भागून ते समपातळीवर आणले जातात. पदवीच्या गुणांसाठीही शाखेनुसार असेच समायोजन होते. ज्या शाखेत सर्वांनाच कमी गुण मिळतात, त्या शाखेतील विद्यार्थ्याला याचा थोडा आधार मिळतो.

कलकत्त्याने अलीकडच्या काही प्रवेश फेऱ्यांत मुलाखतीची यादी करताना कॅटसोबत दहावी-बारावीच्या गुणांना वजन दिले, पदवीच्या टक्क्यांना नाही. शालेय गुण चांगले आणि पदवी घसरलेली असेल, तर अशा संस्थेत त्या घसरणीचा फटका पहिल्या पायरीवर बसत नाही. उलट पदवीला सुधारलेला पण दहावीला मागे राहिलेला विद्यार्थी इथे अडतो.

‘आयआयएमला कमी गुण चालतात का’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. कोणत्या इयत्तेचे गुण कमी आहेत आणि कोणती संस्था त्या इयत्तेला किती वजन देते, हे दोन्ही एकत्र पाहावे लागते.

कॅटचा स्कोअर ही कसर भरून काढतो का?

काढतो, पण सगळीकडे नाही आणि पूर्णपणे नाही. त्यासाठी आधी पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे लक्षात घ्यायला हवे. ९९ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी सुमारे ९९ टक्के उमेदवार मागे आहेत. २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी कॅट दिली. त्या हिशेबाने ९९ पर्सेंटाइलवर किंवा त्याच्या वर साधारण २,९३० उमेदवार असतात, ९९.५ वर १,४६५ आणि ९९.९ वर अवघे २९३.

परीक्षेत त्या वर्षी ६८ प्रश्न होते : भाषेचे २४, माहिती विश्लेषण व तर्काचे २२ आणि गणिताचे २२. बरोबर उत्तराला ३ गुण आणि बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा. इतक्या कमी प्रश्नांत दोन-तीन उत्तरे इकडची तिकडे झाली तरी वरच्या टोकाला शेकडो क्रमांकांचा फरक पडतो. जुने गुण कमी असलेल्या उमेदवाराला नेमक्या याच अरुंद पट्ट्यात इतरांपेक्षा वर राहावे लागते.

याशिवाय प्रत्येक विभागात किमान कटऑफ गाठावा लागतो. एकूण ९९ पर्सेंटाइल मिळूनही एका विभागात घसरण झाली, तर यादीत नाव येत नाही. काही संस्था मुलींना आणि अभियांत्रिकीबाहेरच्या शाखांतील उमेदवारांना विविधतेसाठी अतिरिक्त गुण देतात. त्यामुळे खुल्या प्रवर्गातील अभियंता मुलगा, ज्याला क्लासच्या भाषेत ‘जीईएम’ म्हणतात, त्याच्यासाठी ही कसरत सर्वांत अवघड होते. आरक्षित प्रवर्गांच्या याद्या स्वतंत्र लागतात आणि त्यांचे कटऑफही वेगळे असतात. तरी त्या त्या प्रवर्गातील स्पर्धेत जुन्या गुणांचे वजन तसेच राहते.

जुन्या आयआयएमच्या तुलनेत नंतर स्थापन झालेल्या अनेक आयआयएममध्ये चांगल्या कॅट स्कोअरला कॉल मिळण्याची शक्यता अधिक असते. त्यातील काही संस्था मुलाखतीची प्रक्रियाही एकत्रित राबवतात. २०२३ मध्ये पूर्वीच्या नीटीचे आयआयएम मुंबई झाले, तर २०१५ पासून नागपुरात आयआयएम आहे. त्यामुळे राज्यातच दोन पर्याय उपलब्ध आहेत.

महाराष्ट्रातील एका बॅचचे वेगळे दुखणे काय?

जुने गुण मोजण्याच्या पद्धतीतील मर्यादा समजून घ्यायची तर राज्य मंडळाच्या २०१९ च्या दहावीच्या बॅचकडे पाहावे लागेल. त्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे अंतर्गत गुण बंद करण्यात आले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर घसरला. अकरावी प्रवेशात सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतील, ही पालकांची चिंता तेव्हा महिनाभर गाजत होती. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

हीच २०१९ ची बॅच २०२१ मध्ये बारावीला होती. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के, असे सूत्र लावून निकाल जाहीर झाला. तो ९९.६३ टक्के लागला. एकूण निकाल उंचावला खरा. पण ज्यांचे दहावीचे गुण तोंडी परीक्षा नसल्याने कमी झाले होते, त्यांच्या बारावीच्या निकालातही तेच गुण पुन्हा शिरले.

हे विद्यार्थी २०२४-२५ मध्ये पदवीधर झाले आणि आता वर्ष-दोन वर्षांचा अनुभव घेऊन एमबीएकडे वळत आहेत. ज्या संस्था दहावी आणि बारावी दोन्हींना वजन देतात, तिथे त्यांच्या बाबतीत एकाच परीक्षेचे गुण दोनदा हिशेबात येतात. बोर्डाबोर्डांतील फरक कमी करणाऱ्या पद्धतीने थोडा दिलासा मिळतो; पण एकाच बोर्डाच्या दोन वर्षांतील फरक त्यातून आपोआप मिटतोच असे नाही. पंधराव्या वर्षी, परीक्षेचा नियम बदलला म्हणून गमावलेले सात-आठ टक्के पंचविशीतही पाठ सोडत नाहीत, ते असे.

पदवीचे गुण न मोजणारे पर्याय कोणते?

राज्यातील विद्यार्थ्यांसाठी सर्वांत ठळक पर्याय राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए सीईटीचा. मुंबईची जमनालाल बजाज संस्था, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था आणि इतर अनेक महाविद्यालयांचे प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतात. तिथे गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर लागते. गटचर्चा किंवा मुलाखत नसते. पदवीला किमान ५० टक्के, राज्यातील राखीव प्रवर्गांना ४५ टक्के, एवढी पात्रता पूर्ण केली की ५२ टक्केवाला आणि ८२ टक्केवाला एकाच रेषेवर उभे राहतात.

मात्र ही रेषा सोपी नाही. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. कोणीच प्रश्न सोडत नसल्याने स्पर्धा वेगाची होते. बजाजमध्ये खुल्या प्रवर्गाचा कटऑफ ९९.९ पर्सेंटाइलच्या आसपास जातो. जुन्या गुणांची माफी मिळते. तिची किंमत परीक्षेच्या दिवशी वसूल होते.

पुण्याच्या सिम्बायोसिसच्या संस्थांसाठी स्नॅप ही परीक्षा आहे. ६० मिनिटांत ६० प्रश्न आणि एका वर्षात तीनपर्यंत संधी. मुंबईच्या नरसी मोनजीसाठी एनमॅट असते. तीही एकाच फेरीत तीनपर्यंत वेळा देता येते. या दोन्हीकडे मुलाखतीची यादी प्रामुख्याने परीक्षेच्या स्कोअरवर ठरते. ज्याचा एक दिवस खराब गेला, त्याला त्याच हंगामात पुन्हा प्रयत्न करता येतो. कॅटमध्ये ती सोय नाही.

अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेत ‘प्रोफाइल’वर आधारित निवड हा वेगळा मार्ग आहे. तिथे गुणांसोबत कामाचा अनुभव, त्यातील जबाबदारी, सामाजिक काम आणि लिखित उत्तरे पाहिली जातात. मात्र तिथे ‘गुण कमी, बाकी सारे उत्तम’ हे म्हणणे पुराव्यानिशी मांडावे लागते. अर्जाच्या आदल्या महिन्यात मिळवलेल्या स्वयंसेवी प्रमाणपत्राला कोणी भुलत नाही.

कामाचा अनुभव किती उपयोगी पडतो?

बदलता न येणाऱ्या गुणांपुढे बदलता येणारी गोष्ट म्हणजे अनुभव. बहुतेक आयआयएम पदवीनंतरच्या पूर्णवेळ नोकरीचे महिने मोजतात. इंटर्नशिप आणि अर्धवेळ काम सहसा धरले जात नाही. हे गुण एका मर्यादेपर्यंतच वाढतात. साधारण तीन वर्षांनंतर त्यांचा फायदा थांबतो आणि काही ठिकाणी कमीही होतो. त्यामुळे ‘अजून दोन वर्षे थांबू, मग गुणांचे कोणी विचारणार नाही’ ही समजूत दोन वर्षांच्या नियमित अभ्यासक्रमासाठी फारशी खरी नाही.

ती खरी ठरते एका वर्षाच्या अभ्यासक्रमांसाठी. हैदराबाद आणि मोहालीच्या आयएसबीच्या मुख्य अभ्यासक्रमासाठी किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. अहमदाबादच्या पीजीपीएक्ससाठी चार वर्षांचा. तिथे जीमॅट किंवा जीआरईचा स्कोअर आणि नोकरीत केलेल्या कामाचा दर्जा अधिक बोलतो. पदवीचे गुणपत्रक मागितले जाते, पण पाच वर्षे संघ सांभाळलेल्या अभियंत्याच्या अर्जात ते मागच्या पानावर जाते.

मुलाखतीत केटीबद्दल विचारले तर?

विचारतातच. निवडयादीत नाव आले म्हणजे गुणांचा विषय संपला असे नसते. पॅनेलसमोर गुणपत्रक असते आणि तिसऱ्या सत्रातील गणिताच्या केटीवर बोट ठेवले जाते. इथे दोन प्रकारची उत्तरे घात करतात. पहिले, सगळा दोष विद्यापीठाच्या पेपर तपासणीवर ढकलणारे. दुसरे, ऐनवेळी आजारपण किंवा घरची अडचण रचणारे. खरी अडचण असेल तर ती थोडक्यात सांगावी. खोटी असेल तर पुढच्या दोन उपप्रश्नांत ती उघडी पडते.

उत्तराला तीन भाग असावेत : काय झाले, त्यात स्वतःची चूक किती, आणि त्यानंतर काय बदलले. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या चार सत्रांत घसरलेला पॉइंटर शेवटच्या चार सत्रांत चढत गेला असेल, तर तो आलेखच उत्तर देतो. तसे नसेल तर दुसरा पुरावा लागतो. स्वयम-एनपीटीईएलचे परीक्षा केंद्रावर द्यावे लागणारे संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम, नोकरीतील बढती किंवा कॅटच्या गणित विभागातील स्कोअर यांपैकी काहीतरी हाती असावे.

आणखी एक अपेक्षा असते. आवडता विषय कोणता, असे विचारले जाते आणि त्यावर प्रश्न सुरू होतात. कमी गुण असलेल्याने किमान दोन विषय पक्के करून जावेत. ‘गुण कमी मिळाले, पण विषय कळतो’ हे दाखवण्याची तीच एक संधी असते. विषयही कळत नाही, असे दिसले तर कॅटचा स्कोअर फारसा वाचवू शकत नाही.

परदेशी बिझनेस स्कूल्सचे काय?

अमेरिकेतील आघाडीच्या स्कूल्सच्या वर्गांचा सरासरी जीपीए ४ पैकी साधारण ३.६ ते ३.८ च्या आसपास असतो. सरासरी म्हणजे काही जण त्याखालीही असतात. तिथे दहावी-बारावीचे गुण सूत्रात घातले जात नाहीत. संपूर्ण अर्ज एकत्रित वाचला जातो : ट्रान्सस्क्रिप्ट, जीमॅट किंवा जीआरई, निबंध, वरिष्ठांची शिफारसपत्रे आणि मुलाखत. अनेक अर्जांमध्ये जीपीए विद्यापीठाने दिला तसाच लिहायला सांगतात. १० चा पॉइंटर स्वतःहून ४ च्या मोजपट्टीत बसवण्याची गरज नसते.

कमी गुणांचा खुलासा करण्यासाठी बहुतेक अर्जांत ऐच्छिक निबंधाची जागा असते. तिथे दीडशे-दोनशे शब्दांत कारण आणि त्यानंतरची सुधारणा सांगणे पुरेसे ठरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमध्ये गणित, भाषा आणि माहिती विश्लेषण असे प्रत्येकी ४५ मिनिटांचे तीन विभाग आहेत आणि स्कोअर २०५ ते ८०५ या मोजपट्टीवर मिळतो. ७०० वा त्याहून अधिक जुन्या आकड्यांशी या स्कोअरची थेट तुलना करू नये. स्कोअर पाच वर्षे ग्राह्य राहतो. पदवीच्या गणितात घसरलेल्या अर्जदारासाठी यातील गणिताचा विभाग हा सर्वांत सरळ पुरावा.

प्रवेश मिळाल्यावर जुने गुण सुटतात का?

या बाबीची चर्चा फारशी होत नाही. पहिल्या वर्षातच उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपन्या येतात. सल्लागार क्षेत्रातील आणि काही वित्तीय कंपन्या बायोडेटा निवडताना दहावी, बारावी आणि पदवीचे गुण पाहतात. विद्यार्थ्यांच्या बोलीत याला ‘नाइन-नाइन-नाइन’ म्हणतात, म्हणजे तिन्हीकडे नव्वदच्या घरातील गुण. तसे नसलेल्याला या मोजक्या कंपन्यांचे दार अवघड जाते. विपणन, विक्री, परिचालन, उत्पादन व्यवस्थापन अशा क्षेत्रांत आधीचा अनुभव आणि पहिल्या सत्रातील कामगिरी अधिक उपयोगी पडते.

जुन्या आयआयएममधील दोन वर्षांचे शुल्क २५ लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. बहुतेक जण ते कर्ज काढून भरतात. त्यामुळे आपल्या गुणपत्रकासह कोणत्या प्रकारची नोकरी वास्तवात मिळू शकते, याचा हिशेब प्रवेशाआधी करणे आवश्यक ठरते. संस्थेच्या सरासरी पगाराच्या आकड्यात वरच्या काही मोठ्या पगारांचा वाटा असतो. मधला आकडा, म्हणजे मध्यक, पाहिलेला बरा.

ही पद्धत न्याय्य आहे का?

जुने गुण मोजण्याच्या बाजूने संस्थांकडे युक्तिवाद आहे. दोन तासांच्या एका परीक्षेवर सारे सोपवण्यापेक्षा दहा वर्षांतील सातत्य पाहणे अधिक सुरक्षित. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम वेगवान असतो; सातत्याने अभ्यास केलेला विद्यार्थी तो पेलतो, असा अनुभव सांगितला जातो. केवळ परीक्षेवर प्रवेश ठेवला तर क्लासला लाखभर रुपये आणि वर्षभर सुट्टी परवडणाऱ्यांचाच फायदा होईल, हीदेखील शंका खोटी नाही.

दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. गुण सगळीकडे सारख्या भावाने मिळत नाहीत. एका स्वायत्त महाविद्यालयात सहज मिळणारा आठचा पॉइंटर शेजारच्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयात वर्गातील पहिल्या दोघांनाच मिळतो. नोकरी करत शिकणारा, बारावीनंतर मराठी माध्यमातून थेट इंग्रजी अभियांत्रिकीत आलेला, पहिले वर्ष फक्त भाषा समजण्यात घालवणारा विद्यार्थी पॉइंटरच्या आकड्यात दिसत नाही. ज्याने पदवीत स्वतःला सावरले, त्याचे दहावीचे गुण आयुष्यभर तेवढेच राहतात. सुधारणेला मोजणारा रकाना बहुतेक सूत्रांत नाही.

टप्प्यांऐवजी सलग मोजणी, बोर्डासोबत वर्षाचेही समायोजन, शेवटच्या दोन वर्षांच्या गुणांना अधिक वजन, असे बदल अवघड नाहीत. आयआयएम कायदा, २०१७ ने या संस्थांना मोठी स्वायत्तता दिली आहे. निकष बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडेच आहे.

अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने काय पाहावे?

कॅट दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी होते, नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. दहावी, बारावी आणि विद्यापीठाच्या सूत्राने निघालेली पदवीची टक्केवारी. अर्ज करायच्या प्रत्येक संस्थेत यापैकी कशाला किती वजन आहे. आणि पदवीचे गुण न मोजणाऱ्या किमान दोन परीक्षांच्या तारखा. क्लासने दिलेल्या जुन्या तक्त्यावर विसंबू नये. संस्थेच्या संकेतस्थळावरील त्या वर्षाचे प्रवेश धोरण वाचावे.

पन्नास टक्क्यांखाली अडकलेल्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी श्रेणीसुधाराची परीक्षा, असल्यास, किंवा नव्याने दुसरी पदवी हा लांबचा पण सरळ रस्ता आहे. ‘टक्के कमी असले तरी थेट प्रवेश मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या दलालांपासून मात्र दूर राहावे. नामांकित संस्थांत असा मार्ग नाही.

दोन-तीन केटी आणि साडेसहाचा पॉइंटर असलेल्या उमेदवारासाठी काही दारे खरोखर बंद असतात, काही अर्धी उघडी असतात आणि काहींवर गुणपत्रक पाहिलेच जात नाही. सहा-सात अर्जांचे शुल्क भरण्याआधी ही दारे वेगळी करून घेतली, तर उरलेले महिने योग्य त्या परीक्षेच्या तयारीला देता येतात.